पहिलं काय काढू?

दुरुस्तीच्या दुकानात बंद पडलेली मशीनं येतात तशी परत जातात, किस्से मात्र आमच्याकडेच राहून जातात. ते न्यायला कुणी येत नाही. लातुरात आमचं दुकान आहे. पुढे मी टायपिंग आणि झेरॉक्सचं बघते, मागे पडद्याआड गौतम कॉम्प्युटर उघडून बसतो. तो मला ताई म्हणतो आणि माझं काहीएक ऐकत नाही. लातूर जिल्हा झाला त्याच वर्षी हा जन्मला. त्यामुळे जिल्ह्याचं आणि याचं वय एकच, आणि दोघांचंही अजून पुरतं बस्तान बसलेलं नाही असं मी त्याला चिडवते.

हे सगळे किस्से पाणी रेल्वेनं आलं त्या उन्हाळ्यातले. गावात पाण्याशिवाय दुसरा विषय नव्हता, आणि उन्हानं माणसांच्या आधी हार्ड डिस्का बसत होत्या. हार्ड डिस्क म्हणजे कॉम्प्युटरचं कोठार. ती गेली की मशीन सुरूच होत नाही. काळा स्क्रीन, त्यावर पांढऱ्या अक्षरात इंग्रजीतली एक ओळ, खेळ खलास.

*

गौतमचा पहिला प्रश्न कायम एकच असतो : "आवाज कसा येतोय?" सारखी घरघर असेल तर आशा आहे. टकटक असेल तर आतली सुई अडखळतेय. आणि आवाजच नसेल तर डिस्कला चिकटलेलं हिरवं बोर्ड जळालंय.

मुखेडकडच्या एका हेडमास्तरांनी एस.टी.तून फोन केला. शाळेचं मशीन मांडीवर घेऊन निघालेच होते, पण त्यांना धीर नव्हता. गौतमनं आवाज विचारला. हेडमास्तरांनी तोंडानं काढून दाखवला. गौतमला नीट कळलं नाही, म्हणून त्यांनी परत काढला, यावेळी मोठ्यानं. मग तिसऱ्यांदा. आता गाडीतल्या लोकांमध्येच मतभेद सुरू झाल्याचं फोनवर ऐकू येऊ लागलं. शेवटी फोन कंडक्टरनं घेतला आणि ठामपणे सांगितलं, "सायेब, घरघर जास्ती हाय, टकटक कमी. काळजीचं कारण न्हाई."

त्यानं ते मशीन चालू असलेलं कधी पाहिलंही नव्हतं. पण निदान बरोबर निघालं.

*

सुनंदाबाईंना हाच प्रश्न विचारला तेव्हा त्या म्हणाल्या, "कसलाच न्हाई." आणि त्यांनी शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

मारुतराव रेणापूरचे. लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचे, पंचक्रोशीत नाव होतं. अर्धापूरचं एक लग्न शूट करून घरी आले आणि त्याच आठवड्यात झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. बाकी माणूस होता तसाच राहिला, म्हणजे तापट. पटलं नाही की डाव्या हातानं बाक ठोकायचे. चादरीत बांधून आणलेलं मशीन गौतमनं उलटं ठेवलं तेव्हाही त्यांनी बाक ठोकला.

बोर्ड जळालं होतं. त्याच नंबरचं दुसरं मिळालं असतं तर डिस्क फिरली असती, थोडा वेळ तरी. नांदेडच्या भंगारात गौतमच्या ओळखी होत्या. त्यानं शोधायला सांगितलं.

मारुतराव बाहेर चहाला गेले तेव्हा सुनंदाबाई माझ्या टेबलापाशी आल्या. त्यांना शूटिंग नको होतं. आवाज हवा होता. "धाकटी ईसरून चालली मॅडम. बाबा कसे बोलायचे, म्हणून इचारती. मी काय बोलून दाखवू?" घरात फोन साधा, त्यात काही साठलेलं नाही. म्हणून त्या गिऱ्हाइकांच्या घरोघर जाऊन नवऱ्यानं करून दिलेल्या सीड्या मागून आल्या होत्या. "सगळ्यावर गाणी. नवरी हसती, गाणं. नवरी रडती, गाणं. ह्यांचा एक सबूद न्हाई." हे मारुतरावांना कळू द्यायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं. त्यांना वाईट वाटेल.

मी त्यांना पंख्याखालची खुर्ची दिली.

*

नांदेडहून निरोप येईपर्यंत दोघं आठवडी बाजाराच्या दिवशी यायची आणि आमच्या बाकावर बसायची. त्यामुळे पुढचे दोन किस्से त्यांच्यासमोरच घडले.

गावाला त्या उन्हाळ्यात एक नवी खोड लागली होती. नळाला पाणी आलं की जो असेल तो धावत सुटायचा. मोटार लावायला घरात प्लग एकच, आणि त्यात नेमका कॉम्प्युटर. मग काय, कॉम्प्युटरचा प्लग ओढायचा आणि मोटारीचा खुपसायचा. चालू मशीन असं मारलं की डिस्कवर ओरखडे पडतात. गौतमला हे इतकं पाठ झालं होतं की त्यानं एका दुकानदाराची डिस्क बघितली आणि सरळ विचारलं, "परवा दुपारी नळ आला होता का?"

दुकानदार गारच पडला. आला होता. दुपारीच. तो खुर्ची पुढे ओढून आदरानं बसला आणि हळूच म्हणाला, "मग आता पुढचा कधी येणार, तेवढं बघून सांगा."

बाकावर मारुतराव हसले. आवाज न करता, खांदे हलवून. सुनंदाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या उठून पडद्याआड गेल्या आणि गौतमला म्हणाल्या की आमच्यात पण प्लग मीच ओढला होता. गौतम मान वर न करता म्हणाला, "काकू, तुमचं बोर्ड उन्हानं गेलं. प्लगचा काही संबंध न्हाई." त्या गेल्यावर मी त्याला विचारलं, खरं का रे? तो म्हणाला, "आता खरं कळून कुणाचं भलं होणार हाय, ताई?"

*

एका वकिलांनी मशीन थंड राहावं म्हणून त्याला रांजणासारखं ओलं गोणपाट गुंडाळलं. लोक हंडे घेऊन रांगेत उभे, आणि यांच्याकडे कॉम्प्युटरला ओलं पांघरूण. डिस्क अर्थातच गेली. पण वकीलसाहेबांनी हार मानली नाही. गोणपाट ओलं नव्हतं, नुसतं दमट होतं, असा त्यांचा युक्तिवाद होता, आणि तो बराच वेळ चालला. गौतमनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"साहेब, तुमचं पटलं मला. पण हार्ड डिस्कला फरक कळत न्हाई."

*

आता गौतमचा दुसरा प्रश्न. मरायला टेकलेली डिस्क पुन्हा फिरू लागते तेव्हा ती किती वेळ साथ देईल हे कुणालाच माहीत नसतं. मिनिटात जाईल, तासात जाईल. म्हणून सुरू करण्याआधी तो मालकाला विचारतो, "पहिलं काय काढू?" आणि मालक जे म्हणेल तेच आधी काढतो. यात तो देवाचंही ऐकणार नाही.

या प्रश्नावर माणसं फार वेगवेगळी वागतात. एक प्राध्यापक बायकोला घेऊन आले. ते वर्षानुवर्षं एक मोठा ग्रंथ लिहीत होते. बाईंनी प्रश्न पुरा होऊ दिला नाही. ग्रंथ, दुसरं काय? त्यांनी यांच्या ग्रंथापायी किती सुट्ट्या घरात काढल्या ते आम्हाला ऐकवलं. प्राध्यापक मान हलवत राहिले. बाई रिक्षा बघायला बाहेर गेल्या तसे ते झटकन आत आले आणि गौतमच्या कानाशी म्हणाले, "नाही निघालं तरी चालेल. चार पानांच्या पुढे काही नाही त्यात."

गौतमनं प्रामाणिकपणे काढायला घेतलं, पण डिस्कनंच मान टाकली. बातमी ऐकून बाई रडल्या. प्राध्यापकांनी त्यांना धीर दिला, आणि उतरताना ते पायऱ्यांवर चक्क शीळ घालत होते. मी हसले, पण नंतर दिवसभर मला त्या बाईंचं वाईट वाटत राहिलं. असो.

*

बोर्ड आलं. गौतमनं जुन्या बोर्डावरची चिप नव्यावर बसवली, डिस्क स्वतःच्या मशीनला जोडली आणि कान लावून बसला. फिरली. स्क्रीनवर फोल्डरची नावं आली. पण घरघरीच्या मधेच एखादी टक ऐकू येत होती, आणि गौतमचा चेहरा काही सैल झाला नाही.

"काकू, काका, लवकर सांगा. पहिलं काय काढू?"

"घर," सुनंदाबाई म्हणाल्या. 'घर' नावाचा फोल्डर होता, त्यात धाकटीचा पहिला वाढदिवस होता. त्यांचं ठरलेलंच होतं.

मारुतरावांनी बाक ठोकला. उठले, पाय ओढत स्क्रीनपाशी आले आणि डाव्या हाताचं बोट दुसऱ्याच फोल्डरवर ठेवलं : 'अर्धापूर लग्न'.

सुनंदाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग इतक्या महिन्यांचं सगळं बाहेर आलं. "आत्ता बी गिऱ्हाईकच? पोरीच्या बारशाला तुम्ही दुसऱ्याच्या मांडवात. मी आजारी, तुम्ही मांडवात. आज तरी घरचं आधी येऊ द्या की."

मारुतरावांनी बोट हलवलं नाही. त्यांच्या तोंडातून काहीतरी निघू पाहत होतं आणि निघत नव्हतं. मी गौतमला डोळ्यांनी खुणावलं, घरचं काढ. मला त्या क्षणी त्या माणसाचा रागच आला होता. पण डिस्क मारुतरावांची होती. गौतमनं अर्धापूर निवडलं.

सुनंदाबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. किती निघालं ते दाखवणारी हिरवी पट्टी इंचाइंचानं सरकत होती. टक. पुन्हा घरघर. अर्धापूर एकदाचं पुरं निघालं आणि गौतमनं तडक 'घर'ला हात घातला. टक, टक, टक, आणि मग काहीच नाही. त्यानं परत परत प्रयत्न करून पाहिला. शेवटी वायर काढली.

"गेली, ताई," तो मला म्हणाला. सुनंदाबाईंकडे बघून म्हणायची त्याची हिंमत झाली नसावी.

निघालं ते नीट आहे का एवढं बघायचं म्हणून त्यानं अर्धापूरची फाईल लावली. मांडव दिसला. कुणीतरी पाण्याच्या टाकीवरून भांडत होतं, पोरं पळत होती, बँडवाला पिपाणी लावून बघत होता. गाणं नव्हतं. घरच्या वाढदिवसावर मारुतरावांनी स्वतःच्या हातानं तेव्हाच गाणी चढवली होती. त्यांच्या बायकोला ते आठवत नव्हतं, त्यांना आठवत होतं. अर्धापूरवर गाणी चढवायचं काम तेवढं झटक्यामुळे राहून गेलं होतं. आणि बायको सीड्या कशाला गोळा करते, हेही त्यांनी ओळखलं असावं.

खाली मान घातलेली नवरी स्क्रीनवर आली, आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळून एक भरदार, थोडा खेकसणारा आवाज दुकानात घुमला :

"नवरीबाई, मान वर करा. तिकडं न्हाई, हिकडं, माझ्याकडं बगा. आन् हसा की जरा."

सुनंदाबाई भिंतीकडून वळल्या. त्यांनी पदर सारखा केला, मान वर केली. मारुतराव स्क्रीनकडे बघतच नव्हते. ते त्यांच्याकडे बघत होते.

त्या हसल्या.