ओळखीची सही

दुष्काळ नुकताच सरला होता. सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनच्या पट्ट्यात हात अडकून माझे वडील गेले. भरपाई देताना मालक कुरकुरला, तेव्हा सरकारी साहेबांनी बजावलं, पैसे चेकनेच द्या, मध्ये कुणी खायला नको. साहेबांचा हेतू चांगलाच होता. चांगल्या हेतूंनी आमचं जेवढं वाटोळं केलं, तेवढं वाईट हेतूंनाही जमलं नसेल.

चेकवर दोन तिरप्या रेघा होत्या, म्हणजे तो खात्यातच भरायचा. आमच्या अख्ख्या बौद्धवस्तीत कुणाचं खातं नव्हतं. सकाळी मजुरी मिळाली की संध्याकाळी तिची ज्वारी व्हायची, बँकेत ठेवणार काय? तरी आई मला घेऊन सेलूला गेली. मी सातवीत होते, कागद वाचायला सोबत.

"ओळख लागेल," कारकून म्हणाला. "इथं ज्याचं खातं आहे, त्याची सही आणा."

"साहेब, जिनिंगवरचे समदे मला वळखतेत."

"त्यातल्या कुणाचं खातं आहे?"

होतं एकाचं. मालकाचं.

मालकाने आम्हाला दुपारपर्यंत पायरीवर बसवलं. मग एक कागद पुढे केला. मी तो आईला वाचून दाखवला. मयत कामगार दारूच्या नशेत होता, चूक त्याचीच होती, आमचा पुढे काही दावा नाही.

"आधी तुमचा अंगठा, मग माझी सही," मालक म्हणाला.

वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, त्या दिवसापासून दारूला शिवले नव्हते. लग्नाच्या पंगतीत शेजारी कुणी प्यालेला बसला तर ताटावरून उठायचे. "लय कडक माणूस हाय," म्हणून आई वैतागायची.

"मालक, त्यांनी कधी थेंब घेतला न्हाई."

"मला ठाऊक हाय, बाई. कागदाला कुठं ठाऊक हाय?"

घरात दाणा नव्हता आणि माझे धाकटे दोघे भाऊ शेजाऱ्यांच्या चुलीकडे बघत बसायचे. आईने अंगठा दिला. शाई मात्र पदराला पुसली नाही. जाताना मालकाच्या चुना दिलेल्या भिंतीला पुसली.

खातं निघालं. अंगठेवाल्यांना चेकबुक नाही, म्हणून दहा रुपये काढायलाही आईने स्वतः यायचं, दिवसाची मजुरी बुडवून, एसटीचं भाडं भरून. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला! शिवाय काही रक्कम खात्यात कायम पडून राहिली पाहिजे, तिच्या खाली गेलात की दंड. गरिबाने गरीब असल्याचा दंड भरायचा, हे शहाणपण ज्याला सुचलं त्याचा मला अजून संताप येतो. उरलेसुरले पैसे दंडातच गेले आणि खातं आपोआप बंद पडलं.

तो कागद मालकाकडे राहिला.

पौर्णिमेला वस्तीतले सगळे जमून पंचशील म्हणायचे. आईचा आवाज खणखणीत होता, पहिली चार शीलं तिच्याच आवाजावर चालायची. पाचवं, दारूपासून दूर राहण्याचं, आलं की ती गप्प बसायची. ते तिने मरेपर्यंत म्हटलं नाही.