धरायचं नाही

वृद्धाश्रमात जायचं खूळ आधी बाबांच्याच डोक्यात आलं. घाटकोपरला तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोघंच राहतो, बाप आणि लेक. इमारतीला लिफ्ट नाही. मी सकाळी अंधेरीला ऑफिसला जाते ती अंधार पडल्यावरच परतते म्हटलं तरी चालेल. तोवर गिरणीत जन्म काढलेला हा बोलका माणूस खिडकीत बसून खालच्या रिक्षा बघायचा. एका रविवारी बाबांच्या जुन्या दोस्ताला भेटायला आम्ही मार्व्याहून बोटीने मनोरीला गेलो. तो तिथल्या वृद्धाश्रमात राहायचा. तळमजला, मागे समुद्र, ताटात बांगडा. परतताना बोटीतच बाबा म्हणाले, "माका थय बरा वाटला. माझा नाव घाल."

हे ऐकून भाऊ बोरिवलीहून तावातावाने आला. "वेडी झालीस का गं? गणपती तोंडावर आलेत. अख्खी भावकी येणार. बाबा कुठे विचारलं तर काय सांगू, आश्रमात टाकले? गणपती होऊन जाऊ दे, मग बघू ना."

आम्हा कोकणातल्या माणसांचं हे असंच. घराला रंग तेवढा गणपतीच्या आधी, बाकी लग्न म्हणू नका, ऑपरेशन म्हणू नका, सगळं नंतर. शिवाय पूजेला घरातला कर्ता पुरुष हवा. तहान लागायच्या आधी विहीर खणायला निघालेला एक शहाणा माणूस आमच्या घरात होता, त्याच्या हातातलं फावडं आम्ही काढून घेतलं. बाबांनी मुकाट्याने पाटावर बसून पूजा केली.

विसर्जन झालं आणि पुढच्याच आठवड्यात बाबा मोरीत घसरले. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, वॉकर आला, जिना मात्र सुटला. आता भाऊच म्हणायला लागला, "मनोरीला विचार की."

विचारलं. तेव्हा कळलं की तिथे फक्त हिंडतीफिरती माणसं घेतात. ज्याला दुसऱ्याने धरावं लागतं, त्याला बघायला त्यांच्याकडे माणसं नाहीत. माझं डोकंच फिरलं. गरज नसताना जागा, आणि गरज पडली की दार बंद! पण भांडणार कुणाशी? फोनवरची बाई बिचारी भली होती. म्हणाली, "मी घाटकोपरला येणारच आहे, काकांना बघून जाते."

त्या दिवशी बाबांनी सकाळीच दाढी केली, इस्त्रीची पॅंट मागून घेतली. बाई आली, गोड बोलली. "काका, दारापर्यंत जाऊन या. वॉकर चालेल. ताई, तुम्ही मात्र धरायचं नाही हं."

मी हात मागे बांधून उभी राहिले. इतकं असहाय मला ऑपरेशन थिएटरच्या बाहेरही वाटलं नव्हतं. बाबांनी टीपॉय ओलांडला, फ्रीज ओलांडला. दाराशी वळताना त्यांचा गुडघा लटपटला, आणि माझा हात त्यांच्या काखेत कधी गेला ते मला कळलंच नाही.

बाईने सगळा चहा संपवला. "बरं वाटलं की कळवा," म्हणाली आणि निघून गेली.

बाबा खाटेवर बसून माझ्याकडे बघत राहिले.

"कित्याक धरलंस गो?" ते म्हणाले. "मी सावरत होतंय."