कयाक उलटल्यावर

ग्रीनलंडमधल्या एका गावात मी बर्फाच्या अभ्यासासाठी गेले होते. नाशिकहून आई गेल्याचा फोन आला, तेव्हा वादळामुळे विमानं बंद होती. मी रडले नाही. जेवत होते, झोपत होते, नोंदी करत होते. ज्यांच्या घरी मी राहत होते ते म्हातारे इनुइट गृहस्थ एका सकाळी म्हणाले, "चल, कयाक शिकवतो."

खाडीत त्यांनी आधी स्वतः करून दाखवलं. ती अरुंद होडी कलली, उलटली आणि ते पाण्याखाली गेले. मग त्यांचं लाकडी वल्हं पाण्यावर आडवं आलं, कंबर वळली आणि ते सावकाश वर आले. डोकं सगळ्यात शेवटी आलं.

"घाबरलेला माणूस आधी डोकं वर काढतो आणि पुन्हा बुडतो," ते म्हणाले. "आधी अंग येऊ दे."

मी उलटले. खाली हिरवट उजेड होता. भीती वाटली नाही. वर यायला हवं, असंही वाटलं नाही. शेवटी त्यांनीच होडी धरून मला सुलटं केलं.

"प्रयत्न का नाही केलास?"

"माहीत नाही."

अंग आपली कामं करत राहतं आणि माणूस मागेच कुठेतरी राहून जातो, तसं माझं झालं होतं.

त्यांनी पुन्हा उलटायला लावलं. चौथ्या खेपेला कंबर आपसूक वळली आणि मी वर आले.

काठावर त्यांनी माझे हात हातात घेतले. बोटं निळी पडली होती.

"थंडी वाजतेय?"

"नाही."

"वाजतेय," बोटं चोळत ते म्हणाले. "तुला अजून कळत नाहीये."