करंजाची खारट पाने

धुमाळसरांना मी प्रथम पाहिले तेव्हा ते माती खात होते. माती परीक्षण प्रयोगशाळेत सहायक म्हणून तो माझा पहिला दिवस. सरांनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली, बेसिनमध्ये थुंकली आणि म्हणाले, "घाबरू नका, ताई. मातीत खार किती, ते जीभ आधी सांगते. यंत्र नंतर सांगेलच." "सरांच्या घरी भाजीत मीठ घालत नाहीत," असे आमचे शिपाई म्हणायचे. त्यावर सरच आधी हसत.

सरांच्या पंचाहत्तरीच्या या गौरव अंकात इतर मंडळी त्यांच्या संशोधनावर लिहितील. मी माझ्या घरी घडले तेवढे लिहिते.

सोनईजवळचे आमचे शेत उसाला पाणी पाजून पाजून खारावले. भर दुपारी ते पांढरे दिसते. पाखरू उतरत नाही. माझे यजमान गेले, तेव्हा गावच्या रिवाजाप्रमाणे त्यांची रक्षा तिथेच खड्ड्यात घालून वर आंबा लावला. त्याची पाने कडेने करपली. दुसरा आंबाही तसाच गेला. सासूबाई म्हणाल्या, "त्याला हितं ऱ्हायचं न्हाई. झाड धरू देईना." त्यांनी जेवण सोडले.

मी त्या खड्ड्यातली माती, काही न सांगता, सरांच्या टेबलावर ठेवली. सरांनी ती जिभेवर घेतली आणि माझ्याकडे पाहिले.

"ही राख चुलीची नव्हे. कोणाची?"

मी सांगितले. त्या दिवशी सर थुंकले नाहीत.

रविवारी ते सावेडीच्या आपल्या घरून स्कूटरवर शेतात आले. सासूबाईंजवळ बांधावर बसून म्हणाले, "आजी, मुलगा रुसलेला नाही. आंब्याला खार सोसत नाही, त्यात राखेची भर. सोसणारं झाड लावू."

साचलेले खारे पाणी निघून जावे म्हणून सरांनी चर काढून घेतला आणि त्याच खड्ड्यात स्वतःच्या हाताने करंज लावला. अशी झाडे काही मीठ मुळाशीच अडवतात. जे आत शिरते ते जुन्या पानांत कोंडतात आणि ती पाने गाळतात, असे त्यांनी समजावले. "पानं वेचून लांब टाका. नाहीतर मीठ परत जमिनीत."

करंज जगला. सासूबाई जेवू लागल्या. त्या रोज पाने वेचतात. एकदा त्यांनी एक पान जिभेला लावले. "घाम हाय ह्यो, सूनबाई. त्याचाच."

मी हे सरांना सांगितले. ते म्हणाले, "मीठ आहे ते." मग पुढचा नमुना उघडताना म्हणाले, "पण त्यांना सांगू नका."

यंदा करंजाखालची माती मी पुन्हा सरांपुढे ठेवणार आहे. तिच्यात यजमान अजून आहेत का, हे सांगणारी दुसरी जीभ माझ्या माहितीत नाही. सरांची जीभ शंभर वर्षे शाबूत राहो आणि ते निरोगी राहोत.