वहिनींचं पुडकं

कुणी काही दिलं की आमचे कारकून ते आधी उलटून-पालटून पाहायचे. पेढा असला तरी. मग हळूच विचारायचे, "कुणाचं फिरून आलंय हे?"

असा संशयी माणूस तुमच्याही ओळखीत असेल. पण आमच्या या आवक-जावक कारकुनांच्या संशयाला कारण होतं. लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. कचेरीत माणसं जास्त, टेबलं कमी. म्हणून मी टायपिस्ट आणि ते एकाच टेबलाला. दुपारच्या सुट्टीत ते मांडीवर कापड घेऊन कशिदा काढत. कपाळाला भस्म लावणारा पन्नाशीचा बाप्या, आणि हातात सुई! मीही आधी हसले, खोटं कशाला बोलू? नंतर टाके पाहिले आणि गप्प बसले.

निलंग्याला थोरल्या भावाचं किराणा दुकान होतं. यांनी लग्न केलं नव्हतं, त्यामुळे घर म्हणजे तेच. दर दिवाळीला हे स्वतः भरलेले उशीचे अभ्रे घेऊन जायचे. भाऊ म्हणायचा, हे बायकी चाळे सोड आता. एकदा चुलत्यांकडच्या लग्नात यांना आहेर मिळाला, पाहतात तर त्यांनी भावाला दिलेलाच अभ्रा. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. तेव्हापासून हा माणूस असा झाला.

मग दुष्काळ पडला. त्या दिवाळीला त्यांनी वहिनींसाठी चार महिने खपून मोरांचा रुमाल भरला, देव्हाऱ्यापुढे अंथरायला. एवढा तरी ठेवतील, असं त्यांना फार वाटत होतं. पाडव्यालाच परत आले. मग सांगितलं, की टँकर आला आणि वहिनींनी तोच रुमाल घागरीच्या तोंडाला बांधून पाणी गाळलं. मोर चिखलानं माखले होते.

"मुद्दाम केलं, बाई."

"मुद्दामच," मी म्हणाले. माझ्या जिभेला काही हाड नाही.

संक्रांतीनंतर वहिनी एकट्या एसटीनं कचेरीत आल्या. त्यांना बघताच हे मागच्या दारानं सटकले. बाईंनी तासभर वाट पाहिली आणि माझ्याजवळ एक पुडकं ठेवून गेल्या. यांनी ते नुसतं दाबून पाहिलं.

"कापडच हाय. माझंच परत करायल्यात."

नका उघडू, उगीच जीव जाळून घ्याल, असं मीच म्हटलं. पुडकं खणात गेलं. वैशाखात पुतणीच्या लग्नाची पत्रिका आली, तर हे गेले नाहीत. पुढे बदली मागून नांदेडला निघून गेले.

दोन महिन्यांनी खण आवरताना मी पुडकं उघडलं. पाच कोरी, पांढरीशुभ्र कापडं. वर वहीचा कागद, अक्षर मोठालं आणि वाकडं:

"भावजी, टँकरचं पाणी लई गढूळ होतं. पोरं आजारी पडायली होती. तुमच्या रुमालाइतकं घट्ट कापड घरात न्हवतं. चुकलं माझं. पोरीच्या रुखवतात तुमच्या हातचं पाहिजे. भरून द्या, नाव तुमचंच लावू."

रजा टाकून मी नांदेड गाठलं. फार शरमले होते मी. चिठ्ठी त्यांनी उभ्यानंच वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. लग्नाचं काहीच विचारलं नाही.

"वहिनींना लिहाया येतं, बाई?" एवढंच म्हणाले. "वीस वर्षं त्यांच्या हातचं खाल्लं. मला ठावं न्हवतं."