वहिनींच्या मुठीतल्या अक्षता

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी कर्वेनगरच्या घरात दाढी करत होतो. पुतणी बोलत होती. 'काका, आई…' एवढंच म्हणाली आणि मी 'कधी?' विचारून मोकळा झालो. तिचं वाक्यही मी पुरं होऊ दिलं नाही. बँकेच्या काउंटरवर चौतीस वर्षं काढली. समोरचा माणूस 'साहेब, माझं ते…' म्हणेपर्यंत माझा फॉर्म त्याच्या पुढ्यात असे. याला काही सांगावं लागत नाही, असं लोक कौतुकाने म्हणत. घरी मात्र बायको म्हणे, 'तुमच्याशी बोलायचं म्हणजे अर्ध्या वाक्याचा संसार.'

त्याआधी चारच दिवस मी हडपसरला वहिनींना भेटून आलो होतो. माझा मोठा भाऊ, दादा, औषधं आणायला खाली गेला होता. वहिनींनी मला खुणेने जवळ बोलावलं. 'भाऊजी, यांना ना…' म्हणाल्या आणि दम लागला म्हणून थांबल्या. मी लगेच सुरू झालो. दादाची काळजी करू नका, डबा लावू, औषधांचं मी बघतो, मुलगी येऊन जाऊन असेलच. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग नुसतं 'हं' म्हणाल्या. त्यांना हेच सांगायचं होतं, असं मी धरून चाललो. आता दीड महिना झाला… ते अर्धं वाक्य मला सोडत नाही.

वहिनी घरात आल्या तेव्हा मी अकरावीत होतो. तेव्हापासून त्यांच्याकडे माणसं बोलायला येताना बघतोय. शेजारच्या निवृत्त बाई, वॉचमनची बायको, वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी आयटीतली पोरं. वहिनी सल्ला असा कधी देत नसत, तरी माणूस जाताना हलका होऊन जाई. माझ्या मुलाने, निखिलने, तिसऱ्या वर्षाला इंजिनीअरिंग सोडायचं ठरवलं, तेव्हा तोही आधी हडपसरला गेला, दोन तास बोलला आणि मग मला कळवलं. मी तणतणत वहिनींकडे गेलो. तुम्ही त्याला काय शिकवलंत, असं विचारलं.

'काहीच नाही. मुठीत अक्षता धरून बसले होते,' त्या म्हणाल्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं. व्रताची कहाणी ऐकताना बायका हातात अक्षता धरतात आणि कहाणी संपली की देवाला वाहतात. वहिनींनी तीच रीत माणसांना लावली होती. कुणी मन मोकळं करायला बसलं की तांदळाचे चार दाणे उचलायचे आणि मूठ मिटायची. 'अक्षत म्हणजे न तुटलेला दाणा, भाऊजी. समोरच्याचं बोलणंही तसंच. आपल्या हातून तुटू द्यायचं नाही.' ते दाणे त्या नंतर देवापुढे ठेवत. ज्याचं गाऱ्हाणं त्याच्या नावाने.

मी कसला ऐकतोय. म्हणजे देवाकडे तुमचं टपालखातं आहे तर, असं मी म्हणालो. त्या हसल्या. 'टपाल तिकडूनही येतं. तुम्ही आरती संपली की घंटा ठेवून पळता. उत्तर घ्यायला कोण थांबणार?' मला ते लागलं होतं, पण कबूल केलं नाही. निखिलशी तर पुढे वर्षभर मी धड बोललो नाही. त्याने त्या दोन तासांत काय सांगितलं ते वहिनींनी मला कधीच सांगितलं नाही, आणि मी त्याला अजून विचारलेलं नाही. याची मला लाज वाटते.

वहिनींचे दिवस झाल्यापासून मी आरतीनंतर पाच मिनिटं देवापुढे बसून राहतो. खरं सांगायचं तर काही ऐकू येत नाही. शेजारचा मिक्सर, जिन्यात कुणाची तरी चप्पल. पण गेल्या मंगळवारी तसाच बसलो असताना वहिनींचा आवाज मनात आला… 'यांना ना…' त्यापुढचं मला कुठे ठाऊक होतं? त्याच दुपारी बसने हडपसरला गेलो.

दादाने चहा केला. जेवण, औषधं, सगळं ठीक आहे म्हणाला. मग कपाकडे बघत म्हणाला, 'आतल्या खोलीत झोपवत नाही रे मला. बाहेर दिवाणावरच पडतो.'

'होईल सवय,' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. एवढं अवघड काम मी बँकेत कधी केलं नाही. खाली भाजीवाला ओरडत गेला, चहावर साय धरली. उठून पळावंसं वाटत होतं.

'तिलाच म्हटलं होतं, तुझ्यामागे अधूनमधून राहायला ये म्हणून तूच सांग त्याला,' दादा शेवटी म्हणाला. 'मला नाही जमत असं कुणाला म्हणायला… आज थांबतोस का?'

त्र्याहत्तर वर्षांच्या माझ्या भावाने माझ्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. की मागायला तोंड उघडलं तेव्हा मीच पुढचं बोलून टाकलं होतं? मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. थांबतो म्हणालो. आतल्या खोलीत जाऊन पलंगावरची चादर बदलायला घेतली. दादा दारात घोटाळला, मग आत आला. त्याने चादरीचं दुसरं टोक धरलं आणि बोलायला लागला.