परीक्षेच्या मावशी आणि पहिली नस

मावशींना आजार कसलाच नव्हता, आणि तेच त्यांचं काम होतं. डॉक्टरकीच्या कॉलेजात परीक्षा आली की त्यांना बोलावणं यायचं. त्यांनी पडद्यामागच्या खाटेवर बसायचं, पोरांनी एकेक करून त्यांच्या मेंदूतून निघणाऱ्या बारा नसा तपासायच्या आणि "सगळं नॉर्मल" म्हणून मार्क घ्यायचे. अकरा वर्षं मावशी नॉर्मल होत्या. एवढं सातत्य कॉलेजच्या लिफ्टलाही जमलं नव्हतं.

बोटामागे डोळे फिरवा, कपाळाला आठ्या घाला, गाल फुगवा, दात दाखवा, खांदे उचला, जीभ बाहेर काढा. सगळं त्यांना तोंडपाठ होतं. एखाद्या पोराचं घोडं मध्येच अडलं, तर मावशी आपणहून जीभ बाहेर काढायच्या. पोरं त्यांच्यावर जीव टाकायची.

पण गेले तीन महिने त्यांच्या जिवाला स्वस्थता नव्हती. एका दुपारी त्या स्वयंपाकघरात भाजी निवडत बसल्या होत्या, तेवढ्यात सून बाहेरून धावत आली.

"आई, गॅस! अहो, अख्ख्या जिन्यात वास पसरलाय!"

गॅसचं बटण उघडं होतं आणि मावशी शेगडीपासून चार हातांवर बसलेल्या.

"सर्दी झालीय गं," त्या म्हणाल्या.

सर्दीबिर्दी काही नव्हती. सून खिडक्या उघडायला गेली तशी त्यांनी साबणाची वडी हुंगली, चहाचा डबा हुंगला, शेवटी झोपलेल्या नातवाची टाळू हुंगली. काहीच कळेना. टाळूपाशी मात्र त्यांना रडूच फुटलं.

सांगायचं कोणाला? पहिली नस वासाची. ती गेली तर साधी सर्दी असते, नाहीतर डोक्यात काहीतरी वाढत असतं, हे त्यांनी खाटेवर बसून शंभरदा ऐकलं होतं. साधी सर्दी नाही हे तर त्यांना ठाऊक होतं. शिवाय बिघडलेल्या बाईला नॉर्मल पेशंट म्हणून कोण बसवेल? उभं आयुष्य हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरी पिळण्यात गेलेलं. इथे प्रोफेसर उठून खुर्ची देत. ती खुर्ची सोडवत नव्हती, हे खरं कारण. बाकी सगळ्या सबबी.

वेळ मारून न्यायला सोपं होतं. ट्रेमध्ये तीन बाटल्या असायच्या: कॉफी, साबण, लवंग. वॉर्डबॉय त्या नेहमी त्याच क्रमाने मांडायचा आणि पोरंही त्याच क्रमाने उचलायची. डोळे मिटून म्हणायचं, कॉफी, साबण, लवंग. निम्मी पोरं तर वासाची नस तपासायचीच नाहीत. दोन परीक्षा अशाच निभावल्या.

तिसऱ्या परीक्षेला सकाळपासून मावशींची चुळबुळ चालली होती. चपला काढल्या, घातल्या, पुन्हा काढल्या. चौथ्या नंबरला एक ठेंगणी, चष्मेवाली मुलगी आली. समोर मोठे डॉक्टर मार्कांचा कागद घेऊन बसले होते.

"मावशी, डोळे मिटा. एक नाकपुडी दाबते हं. कसला वास येतो?"

"कॉफी."

मग पुढची बाटली.

"साबण."

तिसऱ्या बाटलीला मुलीने जरा जास्तच वेळ लावला.

"लवंग," त्या घाईघाईने म्हणाल्या.

डोळे उघडून बघतात, तर मुलीच्या हातात ट्रेबाहेरची, रिकामी बाटली. लवंग तिने आधीच हुंगवली होती, सगळ्यात पहिली. तिने दुसरी नाकपुडी दाबून पुन्हा विचारलं. आता क्रम हरवला आणि मावशी वाटेल ते बोलू लागल्या.

"सर, पहिली नस नॉर्मल नाही," मुलगी म्हणाली. "दोन्ही बाजूंनी वास येत नाहीये."

मोठे डॉक्टर हसले. "अगं, या मावशी आहेत! अकरा वर्षं नॉर्मल आहेत. तू गडबडलीस. दुसऱ्यांदा बसलीस ना परीक्षेला? नीट विचार करून सांग."

"विचार केलाय सर. वास येत नाहीये."

डॉक्टरांनी मान हलवली आणि पेन कागदाला टेकवलं.

मावशींना त्या मुलीचा भयंकर राग आला. एवढी पोरं ही नस टाळून पुढे जातात, हिलाच कुठून अवदसा आठवली! गप्प बसलं की झालं. एक पोर नापास होईल, एवढंच. मुलीने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती पुढच्या तपासणीसाठी टॉर्च शोधत होती, आणि तो तिच्याच खिशाला अडकवलेला होता.

"साहेब, थांबा. पोरीचं खरं आहे," मावशी म्हणाल्या. "तीन महिने झाले. मी पाठ केलेलं बोलत होते."

पेन थांबलं. डॉक्टरांनी मावशींकडे बघितलं, मग मुलीकडे. कागदावर काहीतरी लिहून त्यांनी तो पालथा घातला.

"मावशी, हे आधी का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली."

त्यांनी स्वतःची खुर्ची खाटेला लावली, मुलीला पडदा ओढायला सांगितलं आणि डोळ्याच्या आत बघायचं यंत्र घेतलं. डोक्यात काही वाढत असेल तर त्याची खूण डोळ्याच्या मागच्या पडद्यावर दिसते, मावशींना हेही ठाऊक होतं. पोरं अर्धं मिनिट बघतात, नॉर्मल म्हणतात आणि सुटतात.

डॉक्टरांनी उजव्या डोळ्यात बघितलं. मग डाव्या. मग पुन्हा उजव्या. त्यांचा श्वास मावशींच्या गालाला लागत होता. अर्धं मिनिट कधीच होऊन गेलं होतं.

"अहो साहेब," मावशी म्हणाल्या, "काहीतरी बोला की."